नगरसेवक व्हायचंय? छोट्या गावातल्या उमेदवारासाठी मतदारयादीपासून खर्चाच्या हिशेबापर्यंत

नगरपरिषदेच्या निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराशी निकालानंतर बोललं की एक वाक्य हमखास कानावर येतं : "माणसं आपली होती, पण मतं पडली नाहीत." नीट चौकशी केली तर त्या माणसांपैकी बरीच जण प्रभागाच्या यादीत नसतातच. कुणाचं नाव शेजारच्या प्रभागात गेलेलं असतं, कुणाचं पुण्यात असतं, कुणाचं कुठेच नसतं. म्हणून भाषण, बॅनर, चिन्ह या सगळ्यांच्या आधी मी यादी ठेवतो. छोट्या गावात नगरसेवकपदाची निवडणूक आचारसंहिता लागण्याच्या कितीतरी आधी, यादीत आणि कागदपत्रांत जिंकली किंवा हरली जाते.

महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांची निवडणूक २०१६ नंतर थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधली कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं, हेच लोकांना कळेनासं झालं होतं. ज्यांना पुढच्या वेळी, किंवा मध्येच एखादी पोटनिवडणूक लागली तर त्यात, पहिल्यांदा उभं राहायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मागे घराणं नाही, पैसा बेताचा, पण गल्लीत ओळख आहे आणि काम करायची इच्छा आहे, असा वाचक मी डोळ्यासमोर ठेवला आहे.

कशासाठी उभे राहताय, हे आधी नीट समजून घ्या

आपल्याकडच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली चालतात. लोकसंख्या एक लाखाच्या वर असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असेल तर 'ब' आणि त्याखाली 'क' वर्ग. जी गावं नुकतीच ग्रामपंचायतीतून शहराकडे सरकली आहेत, तिथे नगरपंचायत असते आणि तिचे सदस्य १७ असतात.

नगरपंचायतीत एका प्रभागातून एकच सदस्य निवडून जातो. नगरपरिषदेत साधारणपणे एका प्रभागात दोन जागा असतात, 'अ' आणि 'ब'. जागांचं गणित जुळत नसेल तर एखाद्या प्रभागात तीन. नगराध्यक्ष सध्या थेट जनतेतून निवडला जातो. म्हणजे दोन जागांच्या प्रभागातल्या मतदाराला तीन मतं द्यायची असतात : एक 'अ' जागेला, एक 'ब' जागेला, एक नगराध्यक्षाला. तुम्ही यातल्या एकाच जागेवर उभे असता आणि तुमची लढत फक्त त्याच जागेवरच्या उमेदवारांशी असते. हे वाचताना सोपं वाटतं. पण बरेच वयस्कर मतदार एक बटण दाबून निघायला लागतात, त्यामुळे प्रचारात हे शिकवावं लागतं. त्याबद्दल पुढे येतं.

आता आकडे मांडू. समजा तुमच्या प्रभागात २,४०० मतदार आहेत. सत्तर टक्के मतदान झालं तर १,६८० मतं पडतील. जागेवर चार उमेदवार आहेत आणि त्यातले दोन तगडे आहेत, तर निकाल साधारण ६५० ते ७५० मतांच्या आसपास लागतो. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला लावा. सातशे मतं म्हणजे अडीचशे-तीनशे घरं. एवढी घरं एका माणसाला नावानिशी ओळखता येतात. आमदारकीला हे जमत नाही, नगरसेवकाला जमतं, आणि सामान्य घरातल्या माणसाला इथे वाव आहे तो यामुळेच.

तुम्ही पात्र आहात का, हे आजच तपासा

वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत आणि त्याच नगरपरिषदेच्या मतदारयादीत नाव हवं. त्याच प्रभागात नाव असण्याची गरज नाही. गावातल्या कुठल्याही प्रभागातून उभं राहता येतं.

अपात्रतेच्या अटी मात्र बारकाईने वाचा. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर उभं राहता येत नाही. मूल दत्तक दिलं म्हणून सुटका होत नाही. जुळ्यांसाठी नियमात वेगळी तरतूद आहे, तेव्हा जन्माचे दाखले घेऊन वकिलाला दाखवा. नगरपरिषदेच्या कामात तुमचा ठेका किंवा भागीदारी असेल, सरकारी नोकरी असेल, तरी अडचण आहे. बिल येऊनही घरपट्टी-नळपट्टी भरलेली नाही, तर तीही अपात्रता ठरू शकते. घर वडिलांच्या किंवा भावांच्या सामाईक नावावर असतं, पालिकेचा गाळा काकांच्या नावावर असतो आणि थकबाकी कुणाला माहीतच नसते. वसुली विभागात जाऊन आपल्या नावाशी जोडलेली प्रत्येक मालमत्ता काढायला लावा, पैसे भरा, पावती जपा. अर्जाच्या वेळी थकबाकी नसल्याचा दाखला मागितला जातो आणि त्या आठवड्यात वसुलीच्या खिडकीवर झुंबड असते.

शौचालय वापरत असल्याचं स्वयंप्रमाणपत्र लागतं. आणि एक अट निवडून आल्यावरही मानगुटीवर राहते : स्वतः, पती किंवा पत्नी, किंवा अवलंबून असलेल्या माणसाने अनधिकृत बांधकाम केलं असेल तर सदस्यत्व जाऊ शकतं. घरापुढची वाढवलेली पडवी, गच्चीवरची पत्र्याची खोली, दुकानापुढे गटारावर टाकलेली फरशी, हे सगळं विरोधक मोजमाप घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे नेतात. उभं राहण्याआधी ते नियमित करून घ्या किंवा काढून टाका.

राखीव जागेवर लढायचं असेल तर जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र. वैधता हाती नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोहोच आणि ठरलेल्या मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. मुदत चुकली की निवडून आलेली जागाही जाते. पणजोबांचे शाळेचे दाखले, जुने महसुली उतारे शोधायला महिने लागतात, हे लक्षात ठेवून आत्ताच सुरुवात करा.

यादी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिली गोष्ट : नगरपरिषदेची स्वतःची वेगळी मतदारयादी नसते. विधानसभेची यादी घेऊन राज्य निवडणूक आयोग ती प्रभागांत फोडतो. कोणत्या तारखेची यादी घ्यायची ते आधी जाहीर होतं. २०२५ला १ जुलैची यादी धरली होती. त्या तारखेपर्यंत ज्याचं नाव विधानसभेच्या यादीत आलं नाही, त्याला नगरपालिकेत मतदान करता येत नाही. नंतर कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही, कारण प्रभागाच्या यादीत नवं नाव घालण्याचा अधिकार राज्य आयोगाला नाही. म्हणून नवीन नावांसाठी नमुना ६, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ हे काम वर्षभर चालू ठेवा. आता वर्षात चार तारखांना अठरा पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. बारावीच्या निकालानंतर गल्लीतल्या मुलामुलींचे अर्ज भरून घ्या. तुमच्या भागाच्या बीएलओ (मतदारयादीचं काम बघणाऱ्या कर्मचारी) बहुधा अंगणवाडीताई किंवा शिक्षिका असतात. त्यांची ओळख ठेवा, त्यांचा वेळ वाया घालवू नका, अर्ज पूर्ण भरलेले आणि कागद जोडलेले न्या.

दुसरी गोष्ट : यादी घेऊन घरोघर फिरा. पीडीएफ मोबाईलवर बघून भागत नाही, छापून घ्या आणि पाटीवर लावून पेन्सिल घ्या. नुसतं वाचलं तर एक घर सात मतांचं दिसतं. दारात गेल्यावर कळतं की आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, मोठा मुलगा आणि सून हिंजवडीला नोकरीला आहेत, मुलीचं लग्न होऊन ती बार्शीला गेली. उरले तिघं. आणि ज्या धाकट्या सुनेने दार उघडलं, जी या घरात चार वर्षं राहते, तिचं नाव अजून माहेरच्या गावात आहे. कागदावर सात दिसणारं घर प्रत्यक्षात तीन मतांचं आहे, आणि एक नमुना ८ भरला तर चार मतांचं होईल. प्रत्येक नावापुढे खूण करा : राहतो, बाहेरगावी पण येतो, बाहेरगावी आणि येत नाही, मयत, लग्न होऊन गेली, दुबार. बाहेरगावच्यांचा मोबाईल नंबर त्याच ओळीत लिहा. यात्रेला, दिवाळीला, गणपतीला कोण गावी येतं, हेही तिथेच टिपा.

तिसरी गोष्ट : प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती घ्यायला मोजकेच दिवस मिळतात. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधोमध, नाल्याच्या कडेने, कुणाच्या घराच्या भिंतीवरून जाते आणि यादी फोडताना एखादी पूर्ण आळी पलीकडच्या प्रभागात पडते. हद्दीवरची घरं आधीच ठाऊक असतील तर तुम्ही पहिल्याच दिवशी, घर क्रमांक आणि यादीतले अनुक्रमांक देऊन हरकत टाकू शकता. मोघम तक्रार फेटाळली जाते, नावनिशीवार दिलेली तपासावी लागते. २०२५च्या यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. अशा मतदारांना कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून द्यायला सांगितलं गेलं आणि ज्यांनी दिलं नाही त्यांच्याकडून केंद्रावर हमीपत्र घ्यायचं ठरलं होतं. तुमच्या हक्काच्या मतदारांपुढे असे तारे असतील तर त्यांना आधीच सांगा, नाहीतर मतदानाच्या दिवशी केंद्रावर गोंधळून माणूस परत फिरतो.

चौथी गोष्ट म्हणजे ही खुणा केलेली यादी. ती कुणालाही देऊ नका, फोटोही काढू देऊ नका. त्यात लोकांचे नंबर आणि घरातल्या खासगी गोष्टी आहेत. विश्वासाने सांगितलेलं आहे ते.

आधी काम, मग उमेदवारी

लोक विचारतात ते साधं असतं : "आत्तापर्यंत कुठे होता?" या प्रश्नाचं उत्तर निवडणुकीच्या महिन्यात तयार करता येत नाही.

पालिकेचं कोणतं काम आहे आणि कोणतं नाही, हे पाठ असू द्या. पाणी, गटारं, कचरा, रस्त्यावरचे दिवे, गावातले अंतर्गत रस्ते, बाजार, स्मशानभूमी हे पालिकेकडे. वीज गेली तर महावितरण, रेशनकार्ड तहसीलमध्ये, गावातून जाणारा मोठा रस्ता बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. काही गावांत पाणीपुरवठा जीवन प्राधिकरण बघतं. तक्रार ऐकली की ती कुणाच्या टेबलावर जायला हवी हे सांगता आलं, तरी निम्मं काम होतं.

दारात एखादी आजी म्हणते, "पाणी पहाटे तीनला येतं, तेही करंगळीएवढं." मान डोलावून पुढे जाऊ नका. ते पाणी कुठल्या टाकीवरून येतं, किती वेळ सुटतं, त्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो, शेवटच्या घरापर्यंत दाब का पोहोचत नाही, हे शोधा. छोट्या गावात व्हॉल्व्हमनला पाण्याची जेवढी माहिती असते तेवढी कार्यालयातल्या फायलीत नसते. त्याच्याबरोबर एक पहाट फिरा. मग कळतं की पाइपलाइन जुनी आहे, वरच्या बाजूला मोटारी लागतात, की नुसतं वेळापत्रक बदललं तरी सुटेल असं आहे. त्यावर मुख्याधिकाऱ्यांना एक पानाचं निवेदन द्या, पोहोच घ्या, पंधरा दिवसांनी पुन्हा जा.

पालिकेचं अंदाजपत्रक मागून वाचा. मिळालं नाही तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. घरपट्टीतून किती येतात, वित्त आयोगाचे किती, नगरोत्थान या राज्याच्या योजनेतून कोणतं काम मंजूर आहे, जिल्हा नियोजन समितीकडून काय आलं, तुमच्या प्रभागात गेल्या तीन वर्षांत काय खर्च पडला. लहान पालिकांचा स्वतःचा पैसा पगार, वीजबिल आणि स्वच्छतेच्या ठेक्यातच संपतो. नवं काम सरकारी योजनेतून येतं. हे समजलेला उमेदवार "घरपट्टी माफ करू" असलं वचन देत नाही, कारण एकटा सदस्य ते करू शकत नाही. "या गल्लीतलं गटार अमुक योजनेत बसतं, त्याचा प्रस्ताव सभेत मांडीन" असं तो म्हणतो. लोकांना हा फरक कळतो.

सोडत आणि तिकीट

प्रभागरचना झाली की आरक्षणाची सोडत निघते. निम्म्या जागा महिलांसाठी, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गाच्या जागा. तुम्ही दोन वर्षं राबलात ती जागा महिलेसाठी राखीव निघू शकते. त्यामुळे लागून असलेल्या दोन प्रभागांत ओळख ठेवा आणि मनाची तयारीही ठेवा.

जागा महिलांची झाली की बरेच जण बायकोचं नाव पुढे करतात आणि बॅनरवर स्वतःचा फोटो मोठा लावतात. मला हे अजिबात पटत नाही. सभागृहात बोलायचा आणि मत द्यायचा हक्क निवडून आलेल्या बाईंचाच असतो. बचतगट चालवणारी, शाळेच्या व्यवस्थापन समितीवर काम केलेली, दवाखान्यात लोकांना घेऊन जाणारी एखादी ताई प्रत्येक प्रभागात असते. तिला उभं करा, तुमची खुणा केलेली यादी आणि तुमचे कार्यकर्ते तिच्या मागे लावा. आणि महिलांनी हेही ध्यानात घ्यावं की सर्वसाधारण जागेवरही महिलेला उभं राहता येतं.

पक्ष, स्थानिक आघाडी की अपक्ष? पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसलेलं असतं आणि नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराची हवा असेल तर त्याचा फायदा पॅनेलला होतो. उलट पक्षाविरुद्धची नाराजीही तुमच्या अंगावर येते. अपक्षाला ओळख स्वतःची, चिन्ह मात्र शेवटी मिळतं. हा शेवट किती शेवटी असतो ते २०२५च्या वेळापत्रकावरून बघा : अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ला, चिन्हवाटप २६ला आणि मतदान २ डिसेंबरला. अपक्षाच्या हातात चिन्हासकट जेमतेम सहा दिवस. ज्याचं नाव आधीपासून घराघरांत आहे, त्यालाच हे पेलतं.

पक्षाकडून लढणार असाल तर मुलाखतीला भावकीचा आकडा घेऊन जाऊ नका, प्रभागाचा आकडा घेऊन जा : एवढी घरं, एवढे प्रत्यक्ष राहणारे मतदार, एवढे बाहेरगावचे. तिकीट मिळेल असं तोंडी सांगितलं गेलं तरी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवार म्हणून दिलेला कागद, हातात पडेपर्यंत काही खरं नाही. तो अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोहोचावा लागतो. उशीर झाला तर तुम्ही अपक्ष ठरता, किंवा सूचक (तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार) कमी पडले तर अर्जच जातो. पक्षाकडून आणि अपक्ष म्हणून असे दोन्ही अर्ज तयार ठेवलेले बरे.

निवडून आल्यावर इकडून तिकडे उडी मारायचा विचार असेल तर १९८६चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा वाचा. पक्षाच्या सदस्याने पक्ष सोडला, किंवा अपक्ष निवडून आलेला नंतर एखाद्या पक्षात गेला, तर पद जाऊ शकतं.

अर्ज

अर्ज राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, छापून, सही करून द्यायची पद्धत आहे. सोबत शपथपत्र : गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण. कुठलाही रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. पतसंस्थेतलं कर्ज, बायकोच्या नावावरची विम्याची पॉलिसी, मित्राला जामीन राहिल्याची नोंद, हे विसरायच्या आधी घरात बसून काढा. बंद झालेला जुना गुन्हाही लपवू नका; पोलिस ठाण्यातून आणि कोर्टातून कागद आणा.

सूचक त्याच प्रभागातला मतदार लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारापेक्षा अपक्षाला जास्त सूचक लागतात. त्या वेळच्या सूचनेत संख्या बघा आणि त्यापेक्षा दोन माणसं जास्त तयार ठेवा. सूचकाचं नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक अंतिम यादीशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि सही तुमच्या डोळ्यांदेखत घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत २०२५ला नगराध्यक्षपदाचा एक अर्ज सूचकाची सही नसल्याच्या कारणावरून छाननीत बाद झाला आणि त्याची चर्चा राज्यभर झाली.

नवीन बँक खातं फक्त निवडणुकीसाठी काढा, तेही अर्ज भरण्याआधी. अनामत रकमेची पावती, जातीचे कागद, थकबाकीचा दाखला, शौचालयाचं प्रमाणपत्र, सगळ्याच्या दोन प्रती. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तर कर्मचारी काय कमी आहे ते सांगतात आणि ते आणायला वेळ मिळतो.

छाननीला स्वतः बसा, शक्यतो वकील घेऊन. अर्ज बाद झाला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत फक्त तीन दिवसांची आहे. बाद केल्याच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा. अशा अपिलांच्या निकालाला उशीर झाल्यामुळे २०२५ला बऱ्याच ठिकाणचं मतदान २ डिसेंबरऐवजी २० डिसेंबरला घ्यावं लागलं होतं.

प्रचार आणि पैसा

२०२५ला आयोगाने सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा अशी ठेवली होती : 'अ' वर्गात ५ लाख, 'ब' वर्गात साडेतीन लाख, 'क' वर्गात अडीच लाख आणि नगरपंचायतीत सव्वादोन लाख. ही खर्चाची कमाल मर्यादा आहे; एवढे घातलेच पाहिजेत असा तिचा अर्थ नाही. दोन-अडीच हजार मतदारांच्या प्रभागात याच्या निम्म्यात नीट निवडणूक लढता येते. हिशेब रोज लिहा. मंडप, खुर्च्या, चहा, वडापाव, रिक्षाचा भोंगा यांचं दरपत्रक प्रशासन लावतं आणि तुमचा खर्च त्या दराने धरला जातो. मित्राने जीप फुकट दिली तरी ती हिशेबात येते. पत्रकावर मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. रात्री दहानंतर भोंगा बंद.

पैसा कशावर घालायचा? माझं मत स्पष्ट आहे. मोठ्या बॅनरवर कमीत कमी घाला, छापील पत्रक आणि नमुना मतपत्रिका यांवर घाला. पत्रकावर प्रभागातल्या चार कामांची नावं लिहा, गल्लीसकट. पदयात्रेत पन्नास माणसं घेऊन दारावरून हात जोडत गेलात तर घरातलं कुणी बोलत नाही. दोघं-तिघं जा, बसा, पाणी घ्या, ऐका. पुरुष कामावर असताना घरातल्या बायकांशी बोलायला तुमच्या बाजूच्या बायका हव्यात. कॉर्नर सभा चौकात घ्या, वीस मिनिटांची, आणि शेवटी प्रश्न विचारायला सांगा.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत पुठ्ठ्याची नमुना मशीन घेऊन फिरा. "मावशी, तीन वेळा बटण दाबायचं. इथे एक, इथे एक आणि इथे नगराध्यक्षाचं. लांब आवाज आला की मगच बाहेर यायचं." त्यांच्या हाताने दाबून घ्या.

मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटं फिरतात, ज्याला गावोगाव लक्ष्मीदर्शन म्हणतात. ती वाटू नका. भारतीय न्याय संहितेत मतासाठी लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत. शिवाय पाच लाख वाटून आलेला नगरसेवक पहिल्या दिवसापासून ते ठेकेदाराकडून काढायच्या मागे लागतो, आणि त्याच गल्लीतलं गटार सहा महिन्यांत खचतं. विरोधक पाकिटं वाटत असेल तर भरारी पथकाला फोन करा, चित्रण करा, मारामारीत पडू नका. आणि घरोघर सांगा की मत गुप्त आहे, कुणाचंही काही घेतलं म्हणून ते बांधलं जात नाही.

मतदानाचा दिवस

वेळ साधारणपणे सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. पोलिंग एजंट असा निवडा जो गल्लीतल्या माणसांना चेहऱ्याने ओळखतो आणि दिवसभर जागा सोडत नाही. मतदान सुरू होण्याआधीच्या अभिरूप मतदानाला (मशीन तपासण्यासाठीच्या चाचणी मतदानाला) त्याने हजर राहायचं, मशीनचा क्रमांक लिहून घ्यायचा, आणि संध्याकाळी पडलेल्या एकूण मतांचा आकडा सहीनिशी घेऊन यायचा. या निवडणुकीत चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट यंत्र नसतं, म्हणून हे आकडे जपणं अधिक महत्त्वाचं.

बाहेर, ठरलेल्या अंतरापलीकडे, टेबल टाकून साध्या पांढऱ्या स्लिपा द्या, चिन्हाशिवाय. खुणा केलेली यादी आता कामाला येते. दर दोन तासांनी कोण येऊन गेलं त्यावर टिक करा. दुपारी दोनला तुमच्या सातशेपैकी तीनशे बाकी असतील, तर ते तीनशे कोण आणि कुठल्या गल्लीतले हे तुमच्यापुढे असेल. मग कार्यकर्त्यांना नावं देऊन पाठवा. "सगळीकडे फिरा रे" म्हटल्याने कुणीच फिरत नाही. बाहेरगावच्यांना आदल्या आठवड्यात आणि आदल्या रात्री असे दोनदा फोन गेलेले असावेत. त्यांचं येणं-जाणं त्यांनी स्वतः करायचं, गाडी तुम्ही पाठवायची नाही.

निकालानंतर

निकाल काहीही लागो, ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. पडलेले उमेदवार इथे गाफील राहतात, आणि हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं जाऊ शकतं. बिलं, पावत्या, बँकेचा उतारा जोडा, पोहोच घ्या. निकालावर आक्षेप असेल तर निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते.

निवडून आलात तर पहिल्याच महिन्यात आघाडीची नोंदणी, गटनेता, स्वीकृत (निवडणुकीशिवाय नेमले जाणारे) सदस्य, विषय समित्या यांची गडबड असते. आघाडीच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद वकिलाला दाखवा, कारण पाच वर्षं त्याच आघाडीच्या व्हीपने, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या आदेशाने, तुम्हाला बांधलेलं राहावं लागतं. समिती निवडताना बांधकामच मिळावं म्हणून सगळे धावतात. प्रभागात पाण्याचा प्रश्न मोठा असेल तर पाणीपुरवठा समिती मागून घ्या, तिथे स्पर्धाही कमी असते. सभेची विषयपत्रिका हातात आली की प्रत्येक विषयाची टिप्पणी आधी मागून वाचा आणि विरोध असेल तर तो इतिवृत्तात नावानिशी नोंदवायला सांगा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो शब्दशः आलाय का ते तपासा. आलेला नसेल तर तिथेच उभं राहून दुरुस्ती मागा.